मजकुरातली गळ ओळखायची कशी

सकाळी पेपर उघडला की बातम्यांच्या आधी मांडीवर पडतात ती पत्रकं. दिवाळीच्या तोंडावर सांगलीत एकेका पेपरातून चार-चार निघतात: प्लॉट, सोनं, क्लास, गुडघेदुखीचं तेल. खणभागातल्या एका छापखान्यात मी २२ वर्षं मुद्रितशोधक होतो. असल्या पत्रकांची प्रुफं वाचणं हेच माझं पोटापाण्याचं काम. ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता ध्यानात यायला लागलं की माल बदलतो, मालक बदलतो, वाक्यं मात्र तीच फिरून येतात. द्राक्षावरच्या औषधाचं पत्रक आणि नर्सिंग कॉलेजचं पत्रक शेजारी ठेवलं आणि नामं झाकली, तर कोणतं कुठलं ते सांगता येत नसे.

आता रविवारी सकाळी वाचनालयात आठ-दहा जण जमतात. कॉलेजची मुलं, दोन गृहिणी, एक निवृत्त तलाठी. त्यांच्यासोबत जे करतो ते इथे पायरी-पायरीनं मांडतोय. व्याकरण पाठ असायची गरज नाही. मराठी बोलता येते, एवढं भांडवल पुरे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. मन वळवणारी भाषा म्हणजे खोटी भाषा नव्हे. 'बाळाला पोलिओचा डोस पाजा' हेही मन वळवणंच, आणि 'दोन घास खाऊन जा' म्हणणारी आजीही तेच करते. मराठीत याला गळ घालणं म्हणतात. गळ कोण घालतंय, कशासाठी, आणि आपण हो म्हणताना नेमकं काय बघून म्हणतोय, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठी.

तयारी

कागद, शिसपेन्सिल आणि एक लाल पेन. मजकूर फोनवर असेल तर वहीत उतरवून घ्या. मुलांना सुरुवातीला हा जाच वाटतो. पण बोटानं वर सरकवताना डोळा ज्या शब्दावरून घसरतो, तिथे लिहिणाऱ्या हाताला थांबावंच लागतं. पहिले दोन-तीन आठवडे शंभर-सव्वाशे शब्दांची पत्रकं घ्या. बातम्या त्यानंतर, आणि अग्रलेख, जाहीरनामे सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: मागणं शोधा

पहिल्या वाचनात एकच काम करायचं. वाचणाऱ्यानं काय करावं असं या कागदाला वाटतं? ते क्रियापद लाल पेनानं गोल करा. या, भेटा, घ्या, नोंदवा, पुढे पाठवा, मत द्या. पत्रकात ते बहुतेक तळाशी, जाड अक्षरात असतं.

लेखात ते लपलेलं असतं. 'सुज्ञ पालक आता इंग्रजी माध्यमाकडे वळत आहेत' या वाक्यात आज्ञार्थ कुठेच नाही, तरी मागणं आहे: तुम्हीही वळा, नाहीतर तुम्ही सुज्ञ नाही. 'प्रत्येक हळद उत्पादकाने विचार करण्याची वेळ आली आहे' इथे विचार करायला सांगितलंय, पण काय विचार करायचा तेही पुढच्या परिच्छेदात ठरवून ठेवलेलं असतं. अशा वेळी वहीत एक ओळ लिहा: 'हे वाचून मी ______ करावं' किंवा 'मानावं'. रिकामी जागा भरता येईना, तर तो मजकूर बहुधा माहितीचा आहे. एसटीचं वेळापत्रक घेऊन बघा, जागा भरता येणार नाही.

दुसरी पायरी: स्तुती खोडा आणि उरलेलं वाचा

मागणं वेगळं आणि त्याला जोडलेली स्तुती वेगळी, असा भेद करायची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा यावर पिढ्यानपिढ्या काथ्याकूट करणाऱ्या मीमांसकांनी वाक्यांचे जे गट पाडले, त्यांतले दोन आपल्या कामाचे. 'अमुक करावं' असं सांगणारं वाक्य म्हणजे विधी. ते करावंसं वाटावं म्हणून जोडलेली स्तुती, किंवा टाळावंसं वाटावं म्हणून केलेली निंदा, म्हणजे अर्थवाद. त्यांचं नेहमीचं उदाहरण असं: ऐश्वर्य हवं असलेल्यानं वायूसाठी याग करावा, हा विधी, 'वायू ही सर्वात वेगवान देवता आहे', हा अर्थवाद. दुसरं वाक्य वाऱ्याच्या वेगाची माहिती द्यायला आलेलं नाही. पहिलं करायला मन तयार व्हावं म्हणून ते आलंय. घरी रोज स्तोत्र म्हणणाऱ्यांना शेवटची फलश्रुती आठवली की हे लगेच उमगतं.

आता पत्रक घेऊ. हे मी या लेखासाठी रचलंय, पण यातला प्रत्येक तुकडा कधी ना कधी माझ्या टेबलावरून गेलेला आहे.

'सांगलीकरांनो, भाड्याच्या घरात आणखी किती दिवस? स्वप्नातलं घर आता आवाक्यात! निसर्गरम्य परिसर, प्रस्तावित रिंगरोडलगत, मिरज फक्त १० मिनिटांवर. एनए प्रस्तावित प्लॉट ४ लाखांपासून. सर्व थरांतून उदंड प्रतिसाद. मोजकेच प्लॉट शिल्लक. आजच बुकिंग करा.'

लाल गोल 'बुकिंग करा' वर. आता पेन्सिलनं एकेक शब्द खोडत जा. कसोटी अशी की जो शब्द मोजता येत नाही, दाखवता येत नाही किंवा कागदपत्रानं सिद्ध करता येत नाही, तो खोडायचा. स्वप्नातलं गेलं. आवाक्यात गेलं. निसर्गरम्य गेलं. उदंड प्रतिसाद गेला. 'प्रस्तावित' खोडायचा नाही, त्याला चौकट करायची. हा शब्द प्रामाणिक आहे, 'अजून झालेलं नाही' एवढंच तो सांगतो आणि वाचणारा नेमका त्यावरून पुढे जातो. १० मिनिटं कुठून, कोणत्या वाहनानं, रात्री की गर्दीच्या वेळी, हे दिलेलं नाही, प्रश्नचिन्ह. उरलं काय? 'काही प्लॉट आहेत. रस्ता झालेला नाही. एनए, म्हणजे शेतजमीन बिनशेती करणं, झालेलं नाही. किंमत ४ लाख किंवा त्याहून जास्त. पैसे द्या.'

हे उरलेलं वाचताना पहिल्यांदा वर्गात नेहमी शांतता पसरते. तलाठीकाकांनी एकदा त्या शांततेत विचारलं, 'अहो, पण गट नंबर कुठाय?' जमीन नेमकी कोणती ते सांगणारा सरकारी नोंदीतला हा क्रमांक तर नव्हताच, गावाचं नावसुद्धा नव्हतं. कागदावर काय नाही, याकडे आपण पुन्हा येऊ.

तिसरी पायरी: लहान शब्दांवर बोट ठेवा

नवखा वाचक 'अद्भुत', 'क्रांतिकारक', 'ऐतिहासिक' असल्या ढोल वाजवणाऱ्या शब्दांवर नजर ठेवतो. ते ओळखायला मेहनत लागत नाही. खरं काम करतात ते एक ते तीन अक्षरांचे शब्द, आणि मराठीत ते फार आहेत. या पायरीवर मी महिनाभर थांबतो.

'च' घ्या. 'चांगलं शिक्षण आमच्याकडे मिळतं' आणि 'चांगलं शिक्षण आमच्याकडेच मिळतं'. दुसऱ्या वाक्यात शहरातल्या बाकी सगळ्या शाळांवर निकाल देऊन झाला, एकाही शाळेचं नाव न घेता. मजकुरातला प्रत्येक च झाकून वाक्य परत वाचा. अर्थ तोच राहिला तर तो च नुसत्या जोरासाठी होता. अर्थ बदलला तर तिथे एक दावा दडून बसला होता, आणि त्याला पुरावा मागायचा. 'ही' सुद्धा तसाच. 'आता शेतकऱ्याचा मुलगाही डॉक्टर होणार!' या वाक्यानं गृहीत धरलंय की आजवर तो होत नव्हता. वाचणारा शेतकरी ते गृहीतक न बघता गिळतो आणि दुखावलेल्या मनानं फी भरायला निघतो.

मग 'म्हणे'. हा आपल्या भाषेचा फार मोठा ठेवा आहे, आणि माझा अतिशय आवडता शब्द. 'तिकडं गारा पडल्या म्हणे' असं तासगावचा बागायतदार म्हणतो तेव्हा तो दोन गोष्टी सांगतो: गारा पडल्या, आणि मी त्या पाहिलेल्या नाहीत. एका शब्दात बातमी आणि तिची खात्री किती, दोन्ही. छापील मजकुरातून म्हणे गळून पडतो. 'या तेलानं हजारो रुग्ण बरे झाले.' कोणी मोजले? म्हणून आमच्या वर्गातली हक्काची चाचणी अशी: प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणे लावून मोठ्यानं वाचायचं. 'दुकान गणपती पेठेत आहे म्हणे' हे विचित्र वाटतं, कारण जाऊन बघता येतं. 'हजारो रुग्ण बरे झाले म्हणे' हे चपखल बसतं. जिथे म्हणे चपखल बसलं, तिथे लेखकाकडे ऐकीव माहिती आहे आणि ती त्यानं डोळ्यांनी पाहिल्यासारखी लिहिली आहे. बातम्यांत याची सुटाबुटातली भावंडं सापडतात: 'असे समजते', 'अशी चर्चा आहे', 'सूत्रांनी सांगितले'. ती निदान स्वतःची ओळख लपवत नाहीत.

'पासून' आणि 'पर्यंत' ही जोडी दुकानदारीची. '४ लाखांपासून' म्हणजे चार लाख ही सगळ्यात कमी किंमत, आणि ती बहुधा कोपऱ्यातल्या एका प्लॉटची. '५० टक्क्यांपर्यंत सूट' म्हणजे ५० हा सगळ्यात मोठा आकडा. एका साडीवर पन्नास आणि उरलेल्यांवर पाच असली तरी वाक्य खरंच. आकडा मोठ्या अक्षरात आणि पर्यंत बारीक अक्षरात, हे मी स्वतः कितीतरी वेळा मांडणीत पाहिलंय.

आता कर्ता. 'मानलं जातं', 'पसंती दिली जाते', 'सिद्ध झालं आहे'. अशा क्रियापदापाशी थांबून एकच शब्द विचारा: कोणी? उत्तर त्याच कागदावर सापडलं तर ठीक. सरकारी परिपत्रकातही 'सूचित करण्यात येते' असतं, पण तिथे खाली सही आणि हुद्दा असतो, म्हणजे कर्ता तळाशी सापडतो. 'आयुर्वेदात हे सर्वश्रेष्ठ मानलं जातं' याच्या तळाशी फक्त दुकानाचा फोन नंबर असतो.

या पायरीवरचा सगळ्यात अवघड शब्द म्हणजे 'आपण'. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की आत येतो. इतका बारीक फरक इंग्रजीला तिच्या 'वुई' या एका शब्दात दाखवता येत नाही. प्रचारपत्रकं लिहिणारे याचा वापर जाणून करतात. एक पत्रक घ्या आणि 'आम्ही' खाली एक रेघ, 'आपण' खाली दोन रेघा मारा. 'आम्ही रस्ते केले, आम्ही पाणी आणलं' असा श्रेयाचा भाग एका रेघेत जातो आणि 'आपण सर्वांनी मिळून हा अन्याय दूर करायचा आहे' असा कष्टाचा भाग दोन रेघांत. मग प्रत्येक 'आपण' च्या जागी माणसांची यादी घालून बघा. 'आपल्यावर अन्याय झाला': म्हणजे नेमका कोणावर? या गल्लीवर, या जातीवर, या धंद्यावर, की लिहिणाऱ्यावर? यादी करताना पेन अडखळला की समजावं, शब्दात जेवढी माणसं दिसतात तेवढी प्रत्यक्षात नाहीत.

चौथी पायरी: बातमीत 'म्हणाले' च्या जागी काय आहे ते बघा

बातमीची चाचणी सोपी आहे आणि दहा मिनिटांत होते. समजा महापालिकेतल्या एका अधिकाऱ्यानं पत्रकारांना एक वाक्य सांगितलं: 'पुढचा आठवडाभर पाणी एक दिवसाआड येईल.' आता त्यापुढे क्रियापदं बदलत जा. असे ते म्हणाले. असे त्यांनी स्पष्ट केले. असा दावा त्यांनी केला. अशी कबुली त्यांनी दिली. असे त्यांनी ठणकावून सांगितले.

'म्हणाले' मध्ये बातमीदार बाजूला उभा आहे. 'स्पष्ट केले' म्हटलं की ते खरं आहे आणि आधी कोणीतरी घोळ घातला होता, असं ठरलं. 'दावा' म्हटलं की संशय आला. 'कबुली' म्हटलं की गुन्हा झाला. 'ठणकावून' म्हटलं की अधिकारी शूर ठरला. त्याच्या तोंडचं वाक्य एका अक्षरानं बदललेलं नाही. एकाच दिवसाचे दोन पेपर घेऊन एकाच सभेच्या बातमीतली ही क्रियापदं दोन रांगांत लिहून काढा. कोणत्या बाजूच्या नेत्याला 'स्पष्ट केले' मिळतं आणि कोणाला 'दावा', हे रांगेतच दिसतं. माणसांच्या नावांचंही तसंच: आंदोलक, जमाव, टोळकं. रस्त्यावर उभी असलेली माणसं तीच असतात.

शीर्षकातल्या प्रश्नचिन्हाकडेही लक्ष ठेवा. 'निधीत अपहार?' असं छापलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात अपहार राहतो, प्रश्नचिन्ह राहत नाही.

आणि मुळात ही बातमी आहे की जाहिरात, हेही तपासा. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर प्रेस कौन्सिलनं २०१० मध्ये अहवाल काढला होता, इतका तो प्रकार बोकाळला होता. बातमीसारखी दिसणारी जाहिरात असेल तर कोपऱ्यात बारीक 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' शोधा; फोन नंबर, एकाच डॉक्टरचे तीन फोटो आणि एकही उणा शब्द नसणं, या खुणा. कारखान्यानं किंवा दुकानानं वाचनीय काही छापूच नये, असं मी म्हणत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याचं पत्र म्हणूनच, आणि पुढे त्यातून मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं. पण कोणाचं आहे ते त्याच्या नावातच लिहिलेलं होतं.

पाचवी पायरी: आकड्याला घर विचारा

'फुगवणीत ४० टक्के वाढ!' फुगवणी म्हणजे द्राक्षाचे मणी टपोरे होणं. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागायतदाराच्या हातात असं काहीतरी पडतंच. चाळीस टक्के कशापेक्षा? काहीच न फवारलेल्या झाडापेक्षा, गेल्या वर्षीपेक्षा, की शेजारच्या बागेपेक्षा? किती झाडांवर पाहिलं? आकडा एकटा उभा असेल तर तो मुक्कामाला कुठून आला ते विचारायचं.

क्लासच्या पत्रकात ३० मुलांचे फोटो असतात, ९० टक्क्यांच्या वरचे. क्लासमध्ये एकूण मुलं किती, हे नसतं. चाळीसपैकी तीस आणि आठशेपैकी तीस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय तो मुलगा तिथे वर्षभर शिकला, की फक्त सराव परीक्षेला बसला? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच दुखण्यामुळे. हमखास निवडीचं आश्वासन त्यात बसत नाही, आणि यशस्वी विद्यार्थ्याचं नाव-फोटो त्याच्या संमतीशिवाय वापरता येत नाही.

मार्केट यार्डातलं उदाहरण मी आवर्जून देतो, कारण सांगलीत कोणाच्या तरी घरात हळद असतेच. हंगामाच्या मुहूर्ताच्या सौद्यात एखाद्या लॉटला चढा दर निघतो आणि दुसऱ्या दिवशी ठळक शीर्षक येतं: 'हळदीला विक्रमी भाव'. दर खरा असतो. पण तो काही पोत्यांचा, मुहूर्ताचा, निवडक मालाचा. बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. शीर्षक कमालवर उभं असतं, शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, सर्वसाधारणच्या आसपास होते. म्हणून आकड्याशेजारी वहीत लिहा: किमान, कमाल की सर्वसाधारण?

सहावी पायरी: खऱ्या शब्दाचा खोटा अर्थ

न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, याला छल म्हणतात, आणि त्याचं उदाहरण मराठी माणसाला समजवावं लागत नाही. कोणी म्हणालं, 'हा नवकंबल आहे', म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. समोरच्यानं उलटून विचारलं, 'नऊ कुठायत? एकच तर दिसतंय!' नव म्हणजे नवीन आणि नव म्हणजे नऊ.

आजच्या पत्रकांत नवकंबलाच्या जागी 'शासनमान्य' आलाय. संस्थेची नोंदणी सरकार दरबारी आहे, एवढाच त्याचा खरा अर्थ अनेकदा असतो. वाचणारा समजतो की या योजनेवर सरकारनं विश्वास टाकलाय. नोंदणी भिशी चालवणाऱ्या कंपनीचीही होते आणि वडापावच्या गाडीचीही. 'आयएसओ ९००१ प्रमाणित' हे व्यवस्थापनाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. बाटलीतल्या तेलानं गुडघा बरा होतो की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. पाकिटावरचा १४ आकडी अन्न परवाना क्रमांक म्हणजे परवाना आहे, गुणाची हमी नव्हे. असा शब्द आला की विचारा: मान्यता नेमकी कशाला? संस्थेला, जागेला, मालाला, की त्या दाव्याला?

सातवी पायरी: भीती आणि घाई

यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण इथे नवखे लोक एक चूक करतात आणि ती महागात पडू शकते. भीती दाखवणारा मजकूर दिसला की 'हे मन वळवणं आहे' म्हणून ते तो बाजूला टाकतात.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तो आठवडा. त्या दिवसांत फोनवर दोन तऱ्हेचे मजकूर येत होते. एक असा: 'धरणाला तडे गेले!! सांगली बुडणार!! हा मेसेज सगळ्या ग्रुपवर पाठवा, तुमच्या एका मेसेजनं जीव वाचेल!!' दुसरा असा: 'आयर्विन पूल, सकाळी ८ वाजता, पातळी अमुक फूट, पुढील भागातील नागरिकांनी स्थलांतर करावे', खाली खात्याचं नाव. घाई दोन्हींत आहे. दोन्हींत मागणंही आहे. पण पहिल्यात मागणं काय, ते लाल पेनानं शोधा: 'पाठवा'. बुडणाऱ्या माणसानं काय करावं याचा त्यात पत्ताच नाही. दुसऱ्यात जागा आहे, वेळ आहे, आकडा आहे, सांगणारा आहे आणि करायची गोष्ट वाचणाऱ्याच्या भल्याची आहे. आयर्विनजवळची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. हे दोन आकडे माहीत असले की दुसरा मजकूर आपण स्वतः ताडून बघू शकतो. पहिला ताडायला काही दिलेलंच नाही.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी या दुसऱ्या मजकुरालाही हलेनात. सरकारी भाषा त्यांच्या मनापर्यंत पोचलीच नाही. शेवटी शेजारचा पोरगा येऊन म्हणाला, 'मावशी, २००५ ला पाणी तुमच्या तिसऱ्या पायरीला लागलं हुतं. आज पुलाजवळ त्याच्याबी वर गेलंय. चला की आता.' त्या अर्ध्या तासात बाहेर पडल्या. त्यानंही भीतीच दाखवली, गळच घातली. पण त्याच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द मावशींना तपासता येण्याजोगा होता. तिसरी पायरी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तपासायला जागा ठेवून केलेलं मन वळवणं कसं असतं, हे मुलांनी विचारलं की मी त्या पोराचं वाक्य फळ्यावर लिहितो.

खोट्या घाईची खूण उलटी. 'मोजकेच शिल्लक' म्हणजे किती? 'ऑफर आज रात्री १२ पर्यंत', मग उद्या परत तीच ऑफर का? उद्या तोच कागद परत बघा, एवढंच करायचं. ऑनलाइन खरेदीतल्या अशा १३ युक्त्यांची यादी केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये अनुचित म्हणून जाहीर केली. खोटी घाई तिच्यात आहे, आणि लाजवणंही. विमा नको असेल तर 'नको' असं साधं बटण न देता 'नको, मला कुटुंबाची काळजी नाही' असं बटण द्यायचं, हे ते लाजवणं.

आठवी पायरी: कागदावर काय नाही

तलाठीकाकांच्या गट नंबराकडे आता वळू. मजकुराच्या प्रकाराप्रमाणे काय असायला हवं, याची छोटी यादी वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटिंग किंवा बांधकाम प्रकल्पाची जाहिरात असेल तर महारेराचा, म्हणजे अशा प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवा, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. क्रमांक नुसता बघू नका, महारेराच्या संकेतस्थळावर टाकून प्रकल्पाचं नाव जुळतंय का पाहा.

औषधाच्या पत्रकात मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, संधिवात बरा करण्याचा किंवा उंची वाढवण्याचा दावा दिसला, तर फार बारकाईनं वाचायची गरजच नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं या आजारांवरच्या उपचारांची अशी जाहिरात करायलाच मनाई आहे.

अटींची भाषाही बघा. दावा ठसठशीत मराठीत आणि 'अटी लागू' चा तपशील मुंगीएवढ्या इंग्रजीत, असं फार वेळा असतं. फसव्या जाहिरातींवरच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवा. तसा नसेल आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

सराव

पहिल्या महिन्यात हटकून एक गोष्ट घडते: सगळीकडे गळच दिसायला लागते. लग्नपत्रिकेतल्या 'आग्रहाचे निमंत्रण' वरही मुलं लाल गोल करतात. करू द्या. महिन्याभरात हात आपोआप हलका होतो.

त्यानंतर जे करायचं ते मात्र टाळू नका. ज्या पक्षाला, ज्या विचाराला, ज्या लेखकाला तुम्ही मनापासून मानता, त्याचा मजकूर घ्या आणि याच आठ पायऱ्यांतून न्या. तेवढेच च खोडा, तेवढ्याच वेळा कोणी असं विचारा. आमच्या वर्गातली एक मुलगी तिला प्रिय असलेल्या एका लेखावर पेन्सिल चालवताना मध्येच थांबली आणि म्हणाली, 'सर, मला हे पटतंय, पण यात पुरावा दोनच ओळींचा आहे.' तिनं तो लेख टाकून दिला नाही. त्या दोन ओळींखाली रेघ मारून ठेवला.

तपासलेल्या प्रत्येक कागदावर मागच्या बाजूला तारीख घाला आणि फायलीत लावा. 'लवकरच', 'प्रस्तावित', 'येत्या वर्षात' असे शब्द असलेले कागद वेगळे ठेवा आणि वर्षातून एकदा बाहेर काढून बघा: त्यातलं काय झालं, काय नाही. झालं असेल तर तसं त्याच कागदावर लिहा. माझ्या फायलीतला सगळ्यात जुना कागद २०१६ चा आहे. त्यावर 'लवकरच' तीनदा आहे, आणि दोन शब्दांखाली मी हिरव्या पेनानं 'झालं' असं लिहिलंय.